घरगुती एअर डक्टची सफाई

एअर डक्ट म्हणजे खोल्यांतली हवा मध्यवर्ती यंत्राकडे ओढून नेणाऱ्या आणि तिथे गरम किंवा थंड झालेली हवा पुन्हा खोल्याखोल्यांत पोहोचवणाऱ्या नळ्या. अमेरिका आणि कॅनडातल्या घरांत ही व्यवस्था सर्रास आढळते. तिथले मराठी लोक बोलताना खोलीत दिसणाऱ्या जाळीला आणि तिच्यामागच्या नळीला मिळून ‘व्हेंट’ एवढेच म्हणतात. नळ्या भिंतीत, माळ्यावर किंवा बेसमेंटच्या छताशी दडलेल्या असतात. आत काय साचले आहे ते राहणाऱ्याला दिसत नाही, आणि सफाईच्या जाहिराती नेमक्या याच न दिसण्याचा फायदा घेतात.

डक्ट दर अमुक वर्षांनी साफ केलेच पाहिजेत असे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 1997 मध्ये घरमालकांसाठी एक पुस्तिका काढली. ठरावीक काळाने सफाई करू नये, गरज दिसली तरच करावी, अशी तिची शिफारस आहे. डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे सिद्ध झालेले नाही, असेही ती स्पष्ट सांगते. सफाई व्यावसायिकांची नाडका ही संघटना 1989 मध्ये स्थापन झाली. तिच्या मते तीन ते पाच वर्षांनी सफाई करणे योग्य. दोन्ही मते वाचताना कोणाचे पोट कशावर चालते हे लक्षात ठेवलेले बरे.

रचना

जुन्या कोळशाच्या भट्ट्यांत गरम हवा हलकी होऊन आपोआप वर चढे आणि जाळ्यांतून खोलीत येई. न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या अ‍ॅलिस पार्कर यांना 1919 च्या डिसेंबरात नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या घरगुती उष्णता-यंत्रणेचे पेटंट मिळाले. त्यांच्या आराखड्यात वेगवेगळ्या खोल्यांकडे जाणाऱ्या स्वतंत्र नळ्या होत्या. पुढे विजेवर चालणारा ब्लोअर आल्यावर हवा हवी तिकडे ढकलता येऊ लागली, आणि उन्हाळ्यातला थंडावाही त्याच नळ्यांतून येऊ लागला.

आजच्या घरात नळ्यांच्या दोन बाजू असतात. खोलीतली हवा ओढणारी बाजू ‘रिटर्न’, आणि तयार हवा सोडणारी ‘सप्लाय’. फिल्टर सहसा यंत्राच्या तोंडाशी, म्हणजे रिटर्न संपते तिथे बसवलेला असतो. गरज ओळखण्याची निम्मी किल्ली या जागेतच आहे. रिटर्नमधून घरातली न गाळलेली हवा जाते: केस, तंतू, गालिच्याची धूळ, सगळे तिच्यासोबत. तेव्हा रिटर्नच्या जाळीवर राखाडी लव साचली तर ती जाळी आपले काम करते आहे इतकेच समजावे. ओल्या फडक्याने पुसली की झाले. सप्लायच्या नळीत मात्र गाळलेली हवा येते. तिथे जाड थर दिसला तर फिल्टर बसवलेलाच नाही, चौकटीत ढिला बसला आहे, किंवा यंत्राजवळचा सांधा उघडा पडून माळ्यावरची धूळ आत ओढली जात आहे, यांपैकी काहीतरी घडले असण्याची शक्यता मोठी.

खऱ्या खुणा

ईपीएच्या पुस्तिकेत सफाईचा विचार करण्याजोग्या तीन परिस्थिती दिल्या आहेत: नळीच्या आत किंवा यंत्राच्या इतर भागांवर डोळ्यांना दिसणारी भरपूर बुरशी, नळ्यांत उंदीर किंवा किडे, आणि धुळीने नळी तुंबणे किंवा सप्लायच्या जाळीतून कण खरोखर खोलीत येणे.

यांत बुरशीचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे. बुरशीला धूळ पुरत नाही, पाणी लागते. उन्हाळ्यात कूलिंग कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या वेटोळ्यावर, हवेतली वाफ थेंबाथेंबाने जमते, खालच्या ट्रेमध्ये उतरते आणि ड्रेन पाइपने बाहेर जाते. तो पाइप शेवाळाने तुंबला की ट्रे भरून वाहतो आणि शेजारच्या नळीचे आतले अस्तर भिजते. दुसरी जागा म्हणजे तापलेल्या माळ्यावरून जाणारी थंड नळी. तिच्यावरचे वेष्टण एखाद्या ठिकाणी फाटले असेल तर तिथे थंड पाण्याच्या तांब्यासारखा घाम सुटतो. यंत्र सुरू होताच ओल्या मातीसारखा किंवा जुन्या गोणपाटासारखा कुबट वास येतो, आणि काही मिनिटांत तो विरतो. हा वास आला की आधी ट्रे आणि ड्रेन पाइप तपासावा.

नळीत दिसणारे काळे डाग बुरशीचेच असतात असे नाही. साधी धूळही ओलसर होऊन तशीच दिसते. पारदर्शक चिकटपट्टी डागावर दाबून उचलायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची, हा त्यावरचा साधा उपाय. ईपीएच्या पुस्तिकेत या तपासणीचा खर्च सुमारे 50 डॉलर दिला आहे. शेकड्यांनी डॉलर मागणाऱ्या माणसाने मोबाइलवर दाखवलेल्या फोटोपेक्षा ही पट्टी अधिक भरवशाची. नळी पत्र्याची असेल तर बुरशी घासून काढता येते. आतून काचतंतूचे अस्तर असेल आणि ते भिजून बुरसले असेल तर ते साफ होत नाही. तो भाग काढून नवा बसवावा लागतो. पाण्याचा उगम तसाच ठेवून केलेली कोणतीही सफाई पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच टिकते.

पूर आलेली घरे हा याचाच टोकाचा प्रकार. 2021 च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीत घरोघरची बेसमेंट पाण्याखाली गेली. असे गढूळ पाणी ज्या नळ्यांत शिरले, त्यांतल्या अस्तराच्या आणि लवचिक नळ्या धूत बसण्यात अर्थ नसतो, त्या फेकायच्याच.

उंदरांची खूण ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. थंडी सुरू होताना ते उबेच्या शोधात घरात शिरतात. पेन्सिल जाईल एवढी फट त्यांना पुरते. रात्री नळीत खरवडल्याचा आवाज, जाळीखाली काळ्या तांदळासारख्या लेंड्या, वेष्टणाचे कुरतडलेले तुकडे, आणि यंत्र चालू झाले की येणारा तीव्र वास. इथे सफाई हवीच, पण आधी फटी बुजवायच्या. क्रम उलटा केला तर पैसे दोनदा जातात.

तिसरी खूण नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त केलेल्या घरांत जास्त आढळते. भिंतींच्या जिप्समच्या पाट्या घासताना उडणारी पांढरी भुकटी, लाकडाचा भुसा, कधी खिळे आणि खाऊची वेष्टणेसुद्धा उघड्या नळ्यांत पडून राहतात. नव्या घरात राहायला गेल्यावर जमिनीलगतची जाळी उचलून मोबाइलचा टॉर्च आत धरावा. ती बहुधा नुसती ठेवलेली असते, फार तर दोन स्क्रू असतात. हात कोपरापर्यंत घालून बोटे नळीच्या तळावरून फिरवली की कळते: बोटांना पातळ करडा थर लागला तर ती रोजची धूळ, मूठभर पांढरी भुकटी आली तर ते सुताराचे आणि गवंड्याचे देणे. पांढरे पातळ कापड सप्लायच्या जाळीवर ताणून बांधायचे, तासभर ब्लोअर चालवायचा, आणि कापडावर कण येतात का ते पाहायचे. पत्र्याला चिकटून बसलेली धूळ खोलीत येत नसेल तर तिचा उपद्रव नाही.

फसव्या खुणा

छतावरच्या जाळीभोवती उमटलेले काळे पट्टे पाहून बहुतेक लोक सफाईवाल्याला फोन करतात. ही काजळी पुष्कळदा नळीतली नसतेच. जाळीतून जोरात सुटणारी हवा खोलीतली हवा आपल्यासोबत खेचते, आणि त्या हवेतला धूर जाळीच्या कडेला छतावर बसतो. मेणबत्त्या लावणाऱ्या घरांत हे दिसते तसेच रोज उदबत्ती, निरांजन आणि गणपतीत दहा दिवस समई लावणाऱ्या मराठी घरांतही दिसते. त्यात फोडणीच्या तेलाचा अंश मिसळला की तो डाग साबणानेही हटत नाही. यावर उपाय स्वयंपाकघरातला: हवा खरोखर घराबाहेर टाकणारा पंखा. अमेरिकेतल्या कित्येक घरांत शेगडीवरचा पंखा ती हवा जाळीतून गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो.

हिवाळ्यात पहिल्यांदा हीटिंग लावल्यावर येणारा जळका वासही असाच. उन्हाळाभर यंत्राच्या तापणाऱ्या भागांवर बसलेली धूळ जळते आणि काही तासांत वास जातो. दिवसभर टिकला, किंवा प्लॅस्टिक जळल्यासारखा आला, तर यंत्र बंद करून तंत्रज्ञ बोलवावा. डक्ट सफाईशी त्याचा संबंध नाही.

एखादी खोली थंडच होत नाही आणि बिल मात्र फुगते, या तक्रारीवरही सफाई विकली जाते. खरे कारण सहसा गळती असते. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमानुसार सामान्य घरात नळ्यांतून फिरणाऱ्या हवेपैकी 20 ते 30 टक्के हवा फटी, भोके आणि सुटलेल्या सांध्यांतून वाया जाते. हे सांधे चिकटवायला घरी असलेला ‘डक्ट टेप’ वापरू नये. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने 1998 मध्ये सांधे बुजवायचे निरनिराळे पदार्थ तपासले, तेव्हा नावात डक्ट असलेली ही कापडी पट्टीच उष्णतेने सुकून सुटली. मॅस्टिक नावाचा लेप किंवा धातूच्या पातळ पत्र्याची चिकटपट्टी टिकते.

मुलांना शिंका येतात म्हणून डक्ट साफ करणाऱ्यांनी आधी फिल्टर काढून पाहावा. 16 बाय 25 इंचांचा, एक इंच जाडीचा कागदी फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलायचा असतो. तो वर्षभर तसाच राहिला की करड्या वाकळीसारखा दिसू लागतो आणि वाकून त्याच्या कडेने धूळ थेट आत जाते.

सफाई करताना

चांगल्या सफाईत मोठा व्हॅक्यूम नळ्यांच्या मुख्य खोडाला जोडून आत हवेचा कमी दाब तयार करतात, आणि मग फिरते ब्रश किंवा हवेचे झोत सोडून धूळ सुटी करतात. नुसत्या नळ्या पुरेशा नाहीत. ब्लोअर, कॉइल आणि ट्रेही साफ झाले पाहिजेत, नाहीतर तिथली घाण पहिल्याच दिवशी परत पसरते. ईपीएच्या अंदाजाने एका यंत्रणेचा खर्च 450 ते 1,000 डॉलर येतो. टपालपेटीत येणारे 99 डॉलरचे कूपन पाहिले की बाकीचे पैसे कुठून निघणार हा प्रश्न पडायला हवा: माणूस घरात येतो, ‘बुरशी’ सापडते, आणि जंतुनाशक फवाऱ्याचे वेगळे बिल होते. काचतंतूच्या अस्तरावर फवारण्यासाठी ईपीएने कोणत्याही जंतुनाशकाची नोंदणी केलेली नाही, हे अशा वेळी शांतपणे सांगावे.

जुन्या घरांत सांध्यांवर पांढरी, कापडासारखी पट्टी दिसली तर ती अ‍ॅसबेस्टॉस या घातक खनिज तंतूची असू शकते. तिला ब्रशच काय, हातही लावू नये. आधी तपासणी करून घ्यावी.

कपडे वाळवण्याच्या ड्रायरची नळी डक्टहून वेगळी आहे आणि तिची सफाई मात्र दरवर्षी करावी. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या 2008 ते 2010 च्या आकडेवारीत निवासी इमारतींतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900 होत्या, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण न केलेली सफाई हे होते.

भारतात आणि आखातात

मुंबई-पुण्याच्या बहुतेक घरांत डक्ट नसतात, स्प्लिट एसी असतो. तिथे हाच प्रश्न एसीच्या ब्लोअरवर येतो. पुढचे झाकण उचलून पट्ट्यांच्या फटीत टॉर्च मारला की लांबट चक्राच्या पात्यांवर काळा, ओलसर थर दिसतो. पावसाळ्यानंतर तो जाड असतो. जेट पंपाने धुतला की खाली धरलेल्या पिशवीत चहाच्या चोथ्यासारखे पाणी उतरते. स्वयंपाकघरातल्या चिमणीची नळी हे दुसरे ठिकाण. तिच्या वळणावर तेल साचते आणि उन्हाळ्यात पातळ होऊन शेगडीवर टपकते.

दुबईसारख्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये छताआड लपवलेल्या डक्टचा एसी सर्रास असतो आणि तो वर्षातले बरेच महिने बंदच होत नाही. वाळूचे वादळ येऊन गेल्यावर तिथे पहिली नजर फिल्टरवर टाकायची, दुसरी ट्रेमधल्या पाण्यावर, आणि मगच नळीत.