पाय न मोडणारी अक्षरं

'चाम' हा शब्द वाचताना शेवटच्या म मधला अ आपण निमूट गिळून टाकतो. फारच काटेकोर व्हायचं ठरवलं, तर म चा पाय मोडतो. व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्याकडे, फानरांगच्या आसपास राहणाऱ्या चाम लोकांना यातलं काहीच करावं लागत नाही. त्यांची लिपीही ब्राह्मीचीच लेक, पण तिच्यात पाय मोडायची सोयच नाही. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या व्यंजनाला तिथे वेगळं रूप असतं. पुष्कळदा मूळ अक्षराचीच रेघ उजवीकडे लांबवलेली. म मात्र अनुस्वारासारखा डोक्यावर जाऊन बसतो.

संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. मग लांब शेपटीचा क हा नवा आकडा, की जुन्याच क चं रूप? देवनागरीत क् ला स्वतःचा आकडा नाही. २३२५ म्हणजे क, त्याच्यामागे २३८१ म्हणजे पायमोडका. आपली सगळी जोडाक्षरंही याच युक्तीवर चालतात. चाम लिपी २००८ साली युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना आकडे ठरवून देणाऱ्या प्रमाणाच्या, ५.१ आवृत्तीत आली, ती दुसऱ्या वाटेने. शब्दाअखेरच्या व्यंजनांच्या १४ रूपांना स्वतंत्र क्रमांक मिळाले आणि हलन्ताला एकही नाही. एरवीचा क ४३५२६, शेवटचा क ४३५८४. मला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते, कारण लिहिणाऱ्याचा हातही तसाच चालतो.

अनुनासिकांची गंमत तर बाराखडी घोकलेल्या माणसाला पचायला जड. तिथल्या साध्या न किंवा म मध्ये अ दडलेला नसतो, ओठ न गोलावता म्हटलेल्या उ सारखा स्वर असतो. अ हवा असेल तर निराळं अक्षर, म्हणून क्रमांकही निराळा.

एक खोड मात्र ओळखीची. अक्षराला जोडलेला र चाम लिपीत डावीकडे काढतात, पण साठवतात व्यंजनानंतर. आपली ऱ्हस्व वेलांटीही अशीच: 'कि' मध्ये दिसते आधी, साठवली जाते नंतर. ही उलटापालट पडद्यावर अक्षरं मांडणारी प्रणाली करते.

युनिकोडमध्ये चाम लिपीचा सगळा पसारा ९६ जागांचा, त्यांतल्या ८३ भरलेल्या. तोही पूर्वेकडच्या, म्हणजे व्हिएतनामी चाम वळणावर बेतलेला. कंबोडियातल्या चाम लोकांची अक्षरं बरीच वेगळी दिसतात.

'चाम' हे नाव त्या लिपीत दोनच आकड्यांत मावतं: ४३५३२ आणि ४३५९६. फाँट नसेल तर पडद्यावर नुसते चौकोन उमटतात. पण रोमन अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी अक्षरं बसवणाऱ्या आपल्या जुन्या डीटीपी (छपाईच्या) फाँटांसारखा रोमन अक्षरांचा भलताच मजकूर होत नाही. फाँट घातला की तेच आकडे पुन्हा 'चाम' दाखवतात.