चर्चमध्ये नवागताची जागा : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

उपासनेला अनोळखी माणूस आला तर त्याला कोठे बसवावे, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीइतकाच जुना आहे. इ. स. ५०च्या सुमारास यरुशलेमेत भरलेल्या सभेने यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर सुंतेची सक्ती करू नये असे ठरवले आणि दार उघडले. परंतु आत आलेल्यांना कसे वागवले जाई, हे नव्या करारातील याकोबाच्या पत्रावरून कळते. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतील गरिबाला पायाशी बैठक, या पक्षपाताबद्दल ते पत्र मंडळीची कानउघाडणी करते.

तिसऱ्या शतकात सीरियात रचल्या गेलेल्या ‘दिदास्कालिया’ या नियमग्रंथाने दिलेले उत्तर मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. परगावच्या मंडळीतून कोणी आल्यास डीकनने, म्हणजे बिशपच्या हाताखालील सेवकाने, त्याची विचारपूस करून त्याला योग्य जागी बसवावे. कोणी प्रतिष्ठित आल्यास बिशपने त्याच्यासाठी प्रवचन थांबवू नये. मात्र गरीब, त्यातही वृद्ध, स्त्री किंवा पुरुष आला आणि जागा उरली नसेल, तर स्वतःला जमिनीवर बसावे लागले तरी बिशपने त्यांना मनापासून जागा करून द्यावी, असे तो ग्रंथ सांगतो.

बसायला जागा मिळाली म्हणजे प्रभुभोजनातही, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीतही, वाटा मिळाला, असे मात्र नव्हते. हिप्पोलितसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथानुसार नवागताला आणणाऱ्यांनी त्याच्याविषयी साक्ष द्यावी लागे, त्याच्या व्यवसायाची चौकशी होई आणि बाप्तिस्म्यापूर्वी सर्वसाधारणपणे तीन वर्षे शिक्षण चाले, जरी काळापेक्षा आचरणाला अधिक महत्त्व होते. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ होत असलेल्या काळात ही सावधगिरी स्वाभाविक होती. इ. स. ३१३मध्ये धर्मस्वातंत्र्य मिळाल्यावर येणाऱ्यांची गर्दी वाढली. इ. स. ४००च्या सुमारास कार्थेजच्या एका डीकनला नवख्यांना कसे शिकवावे हे सांगताना संत ऑगस्टीनने उभे राहून थकलेल्या श्रोत्याला बसू द्यावे, अशी आठवण आवर्जून करून दिली. पुढे बालबाप्तिस्मा सार्वत्रिक झाला आणि प्रौढांच्या दीक्षेची ही शिस्त हळूहळू लोपली.

जागेचा प्रश्न मात्र लोपला नाही. इंग्लंड आणि अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जाऊ लागली, त्यामुळे परक्या किंवा गरीब माणसाला मागे वा कडेला बसावे लागे. १८व्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना अॅब्सलम जोन्स यांना गुडघ्यांवरून ओढून उठवण्यात आले, कारण ते कृष्णवर्णीय होते. कृष्णवर्णीय धर्मोपदेशक रिचर्ड अॅलन आणि त्यांचे सहकारी तेथून बाहेर पडले, आणि १८१६मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. जागा नाकारल्यामुळे एक नवी मंडळी उभी राहावी, ही त्या काळच्या चर्चसाठी लाजिरवाणी गोष्ट होती, असे मी स्पष्ट म्हणेन.

कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये प्रौढांच्या टप्प्याटप्प्याने होणाऱ्या दीक्षेचे पुनरुज्जीवन करण्याचा आदेश दिला आणि कॅथलिक चर्चचा तो विधी १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. नवागतांना सामावून घेणे ही बाप्तिस्मा झालेल्या सर्वांची जबाबदारी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. स्वीकाराचा पहिला विधी चर्चच्या दाराशी सुरू होतो : धर्मगुरू स्वतः तेथपर्यंत जाऊन नवागतांची भेट घेतो आणि मंडळीबरोबर वचन ऐकण्यासाठी त्यांना आत बोलावतो.