पंचशील घेतलं म्हणजे ब्रह्मचर्य आलं का?

धम्मसाधना धरली की संसार सुटतो, निदान नवरा-बायकोचं नातं तरी, हा समज गोव्यात अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. पंचशील म्हणजे बौद्ध गृहस्थाची पाच शीलं; त्यातलं तिसरं शील व्यभिचारापासून दूर राहायला सांगतं. ब्रह्मचर्य अष्टशीलात, म्हणजे आठ शीलांत येतं, ती उपोसथाच्या (पौर्णिमेसारख्या व्रताच्या) दिवशी घेतात; दहा दिवसांच्या विपश्यना (ध्यान) शिबिरातही ब्रह्मचर्य पाळतात. काही जण शिबिराचे नियम घरी आणतात, तेही जोडीदाराला न विचारता, आणि मग खटके उडतात. सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धाने गृहस्थाला केलेल्या उपदेशात, तर नवऱ्याची पाच कर्तव्यं दिली आहेत: पत्नीचा मान राखणं, अपमान न करणं, एकनिष्ठ राहणं, घराचा कारभार तिच्या हाती देणं, दागिने देणं. विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन स्वतः संसारी होते, बर्माचे महालेखापालही.

खरी अडचण वेळेची. विपश्यनेत सकाळ-संध्याकाळ एकेक तास सांगतात. मूल लहान असेल तर निदान 20 मिनिटं आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान, करावं. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर. मन भरकटलं की चिडायचं नाही, परत आणायचं. पहाटे, पोदेराचा (पाववाल्याचा) पोंपों ऐकू येण्याआधी बसलेलं बरं. रात्री शीतकडी जेवून बसलात तर डुलकीच लागणार. नवरा ध्यानात आणि बायको एकटीच डबे भरतेय, ही आमच्या मते निव्वळ पळवाट. बसायच्या पाळ्या ठरवा. उपोसथ करायचा तर आदल्या दिवशीच घरी बोला, कारण माध्यान्हीनंतर जेवण नसतं आणि तुमच्या वाट्याचं रात्रीचं रांधून वाया जातं.