ट्रॅक्टरचं फोर व्हील लागत नाही? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे तपासा

(आमच्या गॅरेजच्या ट्रॅक्टर ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

चिखलणी ऐन रंगात असते. फोर व्हीलचा, म्हणजे मागच्यांबरोबर पुढच्या चाकांनाही इंजिनची ओढ देणारा लिव्हर ओढलेला असतो, पण मागची चाकं जागेवरच फिरतात आणि पुढची नुसती ढकलली जातात. अशा वेळी पहिली शंका गिअरबॉक्सवर जाते. खरं तर गिअरबॉक्सच्या बाहेर, हाताला लागतील अशा चार-पाच जागा आहेत. त्या आधी पाहिल्या तर बरेचदा मोठा खर्च वाचतो. हे पत्रक लिव्हरने फोर व्हील लागणाऱ्या ट्रॅक्टरसाठी आहे. द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर असो की पन्नास एचपीचा, रचना साधारण एकच असते.

मागच्या चाकांना जाणाऱ्या गतीचाच एक फाटा पुढे काढलेला असतो. लिव्हर ओढला की आतला फोर्क (काट्यासारखा तुकडा) एक सरकता गिअर ढकलतो आणि दाते जुळतात. मग पोटाखालच्या लांब शाफ्टमधून गती पुढच्या डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांत गती वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीला) जाते, आणि तिथून दोन्ही बाजूंचे हाफ शाफ्ट आणि बेव्हल गिअर (गती कोनात वळवणारे गिअर) यांमधून चाकांना मिळते. यातली कुठली कडी तुटली आहे तेवढंच शोधायचं.

एक गैरसमज आधीच दूर करू. ट्रॅक्टर चालताना पोटाखालचा शाफ्ट फिरताना दिसला म्हणजे फोर व्हील लागलं, असं नाही. फोर व्हील काढलेलं असलं तरी रस्त्यावर फिरणारी पुढची चाकं तो शाफ्ट पुढच्या टोकाकडून फिरवतच असतात. शाफ्ट पाहून निदान करू नका.

लिव्हर जातच नाही

सरकत्या गिअरचा दाता समोरच्या दात्यावर आला की लिव्हर अडतो. हा बिघाड नाही. ट्रॅक्टर थांबवा, स्टिअरिंग सरळ करा, सर्वांत खालचा गिअर टाका. लिव्हरवर हलका दाब ठेवून क्लच हळूच सोडा, ट्रॅक्टर वीतभर सरकला की लगेच दाबा. दाते जुळले की लिव्हर आपोआप आत बसतो. जोर लावायची गरज पडत नाही.

मागची चाकं जागेवर फिरत असताना लिव्हर कधीही ओढू नका. त्या क्षणी एक बाजू वेगात फिरत असते, दुसरी थांबलेली असते. दात्यांच्या कडा उडतात, आणि एकदा कडा गोल झाल्या की लिव्हर भारावर बाहेर उडायला लागतो. फोर व्हील रुतण्याआधी लावायचं असतं. रुतल्यावर आठवण झाली तर आधी क्लच दाबा आणि चाकं पूर्ण थांबू द्या.

यानंतरही लिव्हर जात नसेल तर लिव्हरपासून गिअरबॉक्सवरच्या छोट्या आर्मपर्यंत जाणारा रॉड पाहा. चिखलणीनंतर तिथे माती वाळून सिमेंटसारखी घट्ट बसते. उसाच्या रानात पाचट अडकून रॉड वाकतो. स्प्लिट पिन तुटून रॉड लोंबकळत असेल तर लिव्हर अगदी हलका वाटतो, कारण त्याच्या टोकाला काहीच जोडलेलं नसतं.

आता सगळ्यात उपयोगी तपासणी. रॉडची पिन काढा आणि गिअरबॉक्सवरचा आर्म हाताने किंवा छोट्या पान्याने हलवा. दोन्ही टोकांना 'टक्' असा खटका लागून आर्म ठाम बसला, तर फोर्क आणि त्याला धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग बहुधा ठीक आहे. दोष रॉडमध्ये आहे: झिजलेला बुश, वाकलेली सळई किंवा कमी-जास्त झालेली लांबी. रॉडच्या टोकाच्या आट्यांवर लांबी अशी जुळवा की लिव्हर खाचेत पोचायच्या आधी आर्मचा खटका पूर्ण झालेला असेल. लिव्हर आधी खाचेला टेकला तर दाते अर्धेच अडकतात आणि भार आला की सुटतात. आर्मला खटकाच लागत नसेल, किंवा तो सैलपणे कुठेही फिरत असेल, तर काम आतलं आहे. तिथे थांबा आणि आम्हाला कळवा.

लिव्हर बसतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत

इथे जॅक लागतो. सपाट, कडक जागा निवडा. इंजिन बंद, चावी खिशात, गिअर न्यूट्रल. ब्रेकचे दोन्ही पेडल जोडून हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. पुढच्या एक्सलच्या मध्याखाली जॅक लावून दोन्ही चाकं जमिनीपासून चार बोटं उचला आणि एक्सलखाली मजबूत स्टँड द्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. या स्थितीत इंजिन चालू करायचं नाही. फोर व्हील लागलेलं असताना फक्त पुढची किंवा फक्त मागची चाकं उचलून गिअर टाकला, तर जमिनीवरची चाकं ट्रॅक्टरला जॅकवरून खाली खेचतात.

आता फोर व्हील लावा. दोन माणसांनी दोन्ही पुढची चाकं एकाच दिशेने, एकाच वेळी फिरवायचा प्रयत्न करा. सगळं ठीक असेल तर चाकं थोड्याशा ढिलाईनंतर अडतात, कारण ती शाफ्टमार्गे जमिनीवरच्या मागच्या चाकांना जोडलेली असतात.

चाकं फिरली आणि त्यांच्याबरोबर पूर्ण शाफ्टही फिरला, तर पुढचा एक्सल चांगला आहे. कडी मागे तुटली आहे, म्हणजे रॉड, फोर्क, सरकता गिअर किंवा शाफ्टच्या मागच्या टोकाचं कपलिंग (जोड). चाकं फिरली पण शाफ्ट हललाच नाही, तर शाफ्टचं पुढचं कपलिंग निसटलंय किंवा पुढच्या एक्सलच्या आत क्राउन-पिनियन (शाफ्टची गती डिफरन्शियलला देणारी गिअरची जोडी) तुटलंय. शाफ्ट स्थिर असेल तर एकच चाक फिरवूनही पाहा: दुसरं चाक उलट दिशेने न फिरता स्थिर राहिलं, तर एका बाजूचा हाफ शाफ्ट किंवा बेव्हल गिअर गेला. साध्या डिफरन्शियलमध्ये एक बाजू मोकळी झाली की सगळी गती तिकडेच निघून जाते. म्हणून एका बाजूचा दोष असूनही पुढची दोन्ही चाकं निकामी वाटतात.

कपलिंगकडे नीट लक्ष द्या. शाफ्टवरच्या नळीचा क्लॅम्प सैल करून नळी सरकवली की आत स्प्लाइनचं, म्हणजे आतून लांबट दाते असलेलं, स्लीव्ह (शाफ्टचं टोक जोडणारी बाही) दिसतं. ते जागेवर धरून ठेवायला सर्कलिप (खाचेत बसणारी कडी) किंवा स्प्रिंग पिन असते. ती निघाली की स्लीव्ह एका बाजूला सरकतं आणि शाफ्टचं टोक मोकळं होतं. पुढची चाकं बंद पडतात, आवाजही फारसा येत नाही. हा सगळ्यात स्वस्त दोष. मात्र पिन बसवण्याआधी स्प्लाइनच्या दात्यांवरून बोट फिरवा. चांगला दाता माथ्यावर सपाट असतो. झिजलेला सुईसारखा टोकदार लागतो आणि एका बाजूला कललेला दिसतो. तसा असेल तर स्लीव्ह आणि शाफ्ट जोडीनेच बदला. झिजलेल्या शाफ्टवर नवं स्लीव्ह चढवलं तर तेही लवकर झिजतं. बसवताना ग्रीस भरा आणि रबरी सील फाटलेलं असेल तर बदला, कारण चिखल तिथूनच आत शिरतो.

पुढच्या एक्सलचा ड्रेन प्लग उघडून ऑइल पाहणंही गरजेचं आहे. चहासारखं दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. चिखलणीत हबची सीलं पाण्याखाली राहतात, तेव्हा हे होतं. ते ऑइल पूर्ण काढा, सील बदला, मग नवं भरा. प्लगच्या चुंबकावर राखाडी, बोटावर मऊ लागणारी पेस्ट असणं स्वाभाविक आहे. नखाएवढे चकाकते तुकडे दिसले तर ट्रॅक्टर पुढे चालवू नका. वॉरंटीतल्या ट्रॅक्टरचा एक्सल किंवा गिअरबॉक्स स्वतः उघडू नका, तो डीलरकडेच न्या.

दोष नसतानाही "लागत नाही" असं वाटतं तेव्हा

यामागे बहुतेक वेळा टायर असतात, आणि नेमकं तिकडेच कुणी पाहत नाही. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त अंतर कापतील असा हिशोब कंपनीने केलेला असतो. त्याला लीड म्हणतात. तो साधारण 1 ते 5 टक्के असावा, शून्याखाली कधीच जाऊ नये.

मोजायला सोपं आहे. टायरमधली हवा पुस्तिकेप्रमाणे भरा. टायरवर खडूने खूण करून घट्ट जमिनीवर टू व्हीलमध्ये सरळ चालवा. चाकाच्या पाच फेऱ्यांचं अंतर टेपने मोजून पाचाने भागा. पुढच्या आणि मागच्या चाकाची अशी दोन मापं घ्या. पुस्तिकेत पुढच्या-मागच्या एक्सलचं गुणोत्तर दिलेलं असतं. पुढच्या मापाला त्याने गुणा आणि मागच्या मापाने भागा.

समजा गुणोत्तर 1.34 आहे, पुढचं माप 3.15 मीटर, मागचं 4.10 मीटर. 3.15 गुणिले 1.34 म्हणजे 4.22. भागिले 4.10, उत्तर 1.03. लीड 3 टक्के, उत्तम. आता पुढच्या टायरचे लग, म्हणजे वरचे उंच दाते, 1.6 सेंटीमीटर झिजले की घेर 10 सेंटीमीटरने घटतो. माप 3.05 होतं, उत्तर 0.997 येतं. लीड शून्याखाली गेला. आता पुढची चाकं ओढण्याऐवजी मागच्यांना अडवतात. लिव्हर लावला की ट्रॅक्टर जड वाटतो, ओढ मात्र वाढत नाही. पुढचे टायर झिजलेले असताना फक्त मागचे नवे टाकले की नेमकं हेच होतं. आमचा आग्रह आहे की टायर बदलताना हा हिशोब आधी करा. साइझ बदलायचा असेल तर नक्कीच.

दुसरं कारण वजन. फोर व्हील ट्रॅक्टरचं साधारण 40 टक्के वजन पुढच्या एक्सलवर हवं. मागे जड रोटाव्हेटर उचललेला आणि पुढे वजनं नसतील, तर पुढची चाकं जमिनीला नुसती टेकतात, पकडत नाहीत. शिवाय डिफरन्शियल लॉकचा (डावं-उजवं चाक एकत्र फिरवायला लावणारा) पेडल बहुतेक ट्रॅक्टरमध्ये फक्त मागच्या एक्सलवर चालतो. पुढचं एक चाक खड्ड्यात मोकळं फिरत असेल तर तो पेडल दाबून पुढे फरक पडणार नाही.

लिव्हर निघतच नाही

डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढताना फोर व्हील लावून ठेवलं की हे होतं. पुढची चाकं जास्त अंतर कापू पाहतात, डांबरावर घसरायला जागा नसते, आणि सगळा ताण शाफ्ट आणि दात्यांमध्ये साठतो. हातोडी मारू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून ट्रॅक्टर दहा-बारा फूट रिव्हर्स घ्या. ताण सुटला की लिव्हर हाताने निघतो. रस्त्याला लागण्याआधी, शेताच्या बांधावरच फोर व्हील काढायची सवय ठेवा. कपलिंगच्या स्प्लाइन झिजतात त्या बहुतेक डांबरावरच.

बटणावर चालणारं फोर व्हील असेल तर आधी फ्यूज पाहा. मग गिअरबॉक्सजवळच्या सोलेनॉइडचा (विजेवर फोर व्हील लावणाऱ्या भागाचा) कनेक्टर उघडा. प्रेशरने धुतल्यावर तिथे पाणी राहतं आणि पिना हिरव्या पडतात.

गॅरेजला फोन करताना मॉडेल, इंजिनचे तास, चारही टायरचा साइझ (उदाहरणार्थ पुढे 6.00-12, मागे 8.3-20) आणि रॉड सोडवून केलेल्या तपासणीत खटका लागला की नाही, एवढं सांगा. जॅकवर पाहिलं असेल तर काय फिरलं आणि काय थांबलं तेही सांगा. त्यावरून कोणते सुटे भाग सोबत घ्यायचे ते ठरतं, आणि मेकॅनिकला दुसरी फेरी मारावी लागत नाही.