डोळ्यांच्या ताणाने होणारी डोकेदुखी : चिनी वैद्यकातील विचार व उपचार

दीर्घकाळ वाचन, शिवणकाम, बारीक कोरीव काम किंवा पडद्यासमोरचे काम केल्यावर भुवया, कपाळ, कानशिले व मान दुखू लागते. पारंपरिक चिनी वैद्यकात हा दोष एकट्या डोळ्याचा मानत नाहीत. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात ‘फार वेळ पाहण्याने रक्त झिजते’ अशा अर्थाचे वचन आहे, आणि यकृताला रक्त मिळाले म्हणजे दृष्टी मिळते असेही त्यात म्हटले आहे. येथे यकृत म्हणजे शरीरशास्त्रातला अवयव नव्हे. रक्त साठवणारी, डोळ्यांना पोसणारी आणि रागलोभाशी जोडलेली ती एक कार्यव्यवस्था आहे. हा फरक लक्षात न घेतल्यास पुढचे सारे विवेचन चुकीचे वाचले जाते.

रक्त कमी पडले की डोळे कोरडे होतात, दृष्टी धूसर होते आणि संध्याकाळी डोके मंद ठणकते. यकृताचा ‘यांग’ (उष्ण, वर उसळणारी शक्ती) वर चढला तर दुखणे कानशिलांत ठोके दिल्यासारखे येते, डोळे लाल होतात, चिडचिड वाढते. दुखणे कोठे आहे यावरून वाहिनीही, म्हणजे शरीरातून जीवनशक्ती वाहते असे मानलेला मार्गही, ठरवतात : कपाळ यांगमिंगचे, कानशील शाओयांगचे, मानेची मागची बाजू ताइयांगची. म्हणून एकाच कचेरीत काम करणाऱ्या दोघांना चिनी वैद्य वेगवेगळे औषध देऊ शकतो.

दाबबिंदूंपैकी भुवईच्या आतल्या टोकाचा त्स्वानजू, कानशिलावरचा ताइयांग (नाव वाहिनीचेच, पण हा वेगळा बिंदू) आणि कवटीच्या खालच्या कडेला मानेच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांतला फेंगची हे नेहमीचे. फेंगची म्हणजे ‘वाऱ्याचे तळे’. अंगठा व तर्जनी यांमधला हेगू बिंदूही डोकेदुखीवर दाबतात, मात्र गर्भवतींना तो वर्ज्य मानतात.

या विचाराचे सर्वांत व्यापक रूप चीनच्या शाळांत दिसते. १९६३ मध्ये बीजिंगमध्ये डोळ्यांचे व्यायाम सुरू झाले. पुढे ते देशभर रुजले, आणि २००८ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. ध्वनिवर्धकावर संगीत व आकडे सुरू होताच मुले डोळे मिटून सुमारे पाच मिनिटे डोळ्यांभोवतीचे बिंदू चोळतात. नव्या आवृत्तीत कानाची पाळी चोळत पायाची बोटे जमिनीवर आवळण्याचीही कृती आहे. व्यायामांचा मूळ हेतू लघुदृष्टी (दूरचे धूसर दिसणे) रोखणे हा होता, पण त्यामुळे ती थांबते असा भक्कम पुरावा मिळालेला नाही. याउलट मोकळ्यावर वेळ घालवण्याचा उपयोग दिसला : चीनमधील ग्वांगजौ शहराच्या शाळांत झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ४० मिनिटे जास्त मोकळ्यावर घालवणाऱ्या मुलांमध्ये तीन वर्षांत लघुदृष्टीचे नवे रुग्ण ३०.४ टक्के निघाले, इतरांत ३९.५ टक्के. तरीही दर दिवशी ठरावीक वेळी पुस्तकावरून नजर हटते, ही या व्यायामांची जमेची बाजू मानायला हवी.

औषधांत शेवंतीची वाळलेली फुले व गोजी बेरी यांचा काढा घरोघरी पितात. चजियांग प्रांतातील तोंगशियांगची पांढरी शेवंती आणि निंगशियाची गोजी नावाजलेली आहे. ‘छी जू दी ह्वांग’ या प्रसिद्ध गोळीत रेहमॅनिया या वनस्पतीच्या मुळावर आधारलेल्या जुन्या औषधयोगात याच दोन द्रव्यांची भर घातलेली असते. ज्वेमिंगझ नावाचे भाजलेले बीही चहासारखे उकळतात. हे बी आपल्या ओळखीचे आहे : पावसाळ्यात कोकणात ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते तो टाकळा, म्हणजेच विदर्भातला तरोटा, व त्याची अगदी जवळची जात यांपासून ते मिळते. आयुर्वेदात तेच बी गजकर्णासारख्या त्वचारोगांवर वापरतात. एकाच झाडाकडे दोन परंपरांनी किती वेगळ्या नजरेने पाहिले, याचे हे सुंदर उदाहरण आहे. ज्वेमिंगझ सारक असल्याने पातळ शौच होणाऱ्यांना देत नाहीत.

आधुनिक वैद्यक या दुखण्याची कारणे चुकीचा वा नसलेला चष्मा, चाळिशी, पापण्यांची कमी उघडझाप आणि मानेची ठेवण यांत शोधते. सुईचिकित्सेच्या चाचण्या मुख्यतः तणावजन्य डोकेदुखी व अर्धशिशीवर झाल्या. वारंवार होणाऱ्या तणावजन्य डोकेदुखीत तिचा काही लाभ दिसला, आणि उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये प्रतिबंधासाठी तिची शिफारस केली. डोळ्यांच्या ताणाच्या दुखण्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील जिंगमिंग बिंदूवर सुई टोचल्यास खोबणीत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तेथे घरी फक्त हलका दाब द्यावा. डोळा लाल होऊन तीव्र दुखत असेल, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसत असतील आणि ओकारी येत असेल, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. अशा वेळी ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे जावे.