जड रॅकेटचा सल्ला आला कुठून? बेळगाव सीमाभागातल्या बॅडमिंटनमागची गोष्ट

बेळगावात काय, निपाणी-खानापुरात काय, मुलाला रॅकेट घ्यायला दुकानात गेलेली वडीलधारी माणसं हमखास म्हणतात, "जरा जड दाखवा, हाताला वजन लागलं पाहिजे." मुलगा हलकी मागत असतो. वडिलांचा सल्ला त्यांच्या काळच्या रॅकेटला अगदी लागू होता. पुढे रॅकेट पार बदलली, सल्ला मात्र घरात तसाच राहिला. म्हणून आज रॅकेट निवडायची तर थोडं मागे जायला हवं.

या खेळाला नाव मिळालं ते इंग्लंडातल्या ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या 'बॅडमिंटन हाउस'वरून. पण खेळ घडला तो बराचसा आपल्याकडच्या छावण्यांत. १८६० आणि १८७०च्या दशकांत पुण्याच्या लष्करातले इंग्रज अधिकारी तो खेळत आणि त्याला 'पूना' म्हणत. बेळगावही तेव्हा मुंबई इलाख्यातच. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यापासून इथं पलटणी आहेत, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आजही इथंच आहे. अशा छावणीच्या गावांत साहेबाचे खेळ लोकांच्या रोजच्या नजरेसमोर होते. उघड्या मैदानावर वारा सुटला की पिसांचं फूल, म्हणजे शटल, टिकत नसे, तेव्हा लोकरीचा चेंडू वापरत. त्यातूनच दक्षिणेत बॉल बॅडमिंटन रुजलं आणि कर्नाटकात ते अजून खेळतात. दोन्ही खेळ एकाच घरातले आहेत, हे आपल्याकडच्या मुलांना कुणी तरी सांगायला हवं.

इंग्लंडात संघटना झाली १८९३ मध्ये, ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली १८९९ मध्ये. भारताची संघटना १९३४ची.

आता रॅकेटकडे येऊ. सुरुवातीचा सगळा काळ लाकडाचा. चौकट लाकडी, दांडी आधी लाकडी आणि नंतर पोलादी, तार जनावराच्या आतड्याची. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. फाळणीआधी खेळाच्या सामानाचं मोठं केंद्र होतं सियालकोट. १९४७ नंतर तिथले कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि देशभरच्या दुकानांत या दोन गावांचा माल जाऊ लागला. लाकडी रॅकेट सांभाळायला अवघड, बेळगावच्या पावसात तर फारच. जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते, मग लाकूड वाकल्याशिवाय कसं राहील? म्हणून रॅकेट प्रेसमध्ये ठेवत. दोन लाकडी चौकटींच्या मध्ये रॅकेटचं डोकं, चार कोपऱ्यांना चार स्क्रू, त्यांवर कानाचे नट. ते चारही सारखे पिळायचे; एक कोपरा जास्त आवळला की रॅकेटला कायमचा पीळ पडायचा. आतड्याच्या तारेलाही ओल सोसत नसे. या रॅकेटची चौकट मऊ, त्यामुळे तार फार ताठ करता येत नसे. फटक्यात जोर यायचा तो वजनातून आणि मनगटाच्या वेळेतून. 'जड घ्या' हे त्या रॅकेटचं शहाणपण होतं.

त्याच लाकडी जमान्यातले नंदू नाटेकर. जन्म १९३३, सांगलीचा. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. सांगली-मिरज सीमाभागाला कधीच लांब नव्हती. सोयरीक तिकडची, मोठं दुखणं निघालं की मिरजेचा दवाखाना ठरलेला. त्याच १९५६च्या १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. म्हणून इथल्या बॅडमिंटनवाल्या घरांत दोन माणसांचा अभिमान एकत्र नांदतो: सांगलीचे नाटेकर आणि बंगळूरचे प्रकाश पदुकोण.

पदुकोणांची गोष्ट इथल्या मुलांना पटकन कळते, कारण त्यांच्या लहानपणी बंगळुरातही धड कोर्ट नव्हतं. मल्लेश्वरमच्या कॅनरा युनियनचा लग्नाचा हॉल हीच त्यांची शाळा. कार्य नसेल त्या दिवशी खेळायचं. १९७१ ते १९७९ सलग नऊ वर्षं ते राष्ट्रीय विजेते होते. १९८० मध्ये ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात त्यांनी इंडोनेशियाच्या लीम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं. किंगचा उडी मारून मारलेला स्मॅश तेव्हा जगाला धडकी भरवत होता. प्रकाशनी त्याला जोराने उत्तर दिलंच नाही; फुलाचा वेग काढून घेतला, नेटजवळ टाकलं आणि त्याला पुढं-मागं पळवलं. रॅकेट घेताना फक्त स्मॅशचा विचार करणाऱ्यांनी तो सामना जरूर बघावा.

तोवर धातू आला होता. १९६०च्या दशकात इंग्लंडच्या कार्ल्टन कंपनीने पूर्ण पोलादी रॅकेट आणली, जपानच्या योनेक्सने अॅल्युमिनियमची. योनेक्सची सुरुवात १९४६ची, मासेमारीच्या जाळ्यांना लावायच्या लाकडी तरंगांपासून. हे मला फार आवडतं. धातूमुळे प्रेस गेली. आपल्याकडच्या बहुतेक गल्ल्यांत खेळ पोचला तो याच रॅकेटमुळे. दोन खांबांना नेट, वर एक दिवा आणि थंडीच्या रात्री. स्वस्त जोडीतली रॅकेट आजही याच जातीची असते. ओळखायची कशी? दांडी डोक्याला जिथं मिळते तिथं बघा. वेगळा 'टी' आकाराचा जोड दिसला तर डोकं आणि दांडी स्वतंत्र आहेत. दांडी वाकवून बघितली तर जवळपास वाकत नाही. गल्लीत, प्लास्टिकच्या शटलवर ती चालते. रोज हॉलमध्ये जाणाऱ्या मुलाच्या खांद्याला मात्र ती त्रास देईल.

कार्बन ग्राफाइट आलं आणि सगळा हिशेब फिरला. चौकट ताठ, दांडी लवचिक, वजन ८०-९० ग्रॅमवर. रॅकेटवर लिहिलेलं ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. जोर आता वजनातून कमी आणि दांडीच्या लवण्यातून, डोकं फिरण्याच्या वेगातून जास्त येतो. डोकंही अंडाकृतीचं वरून थोडं चौकोनी झालं, त्यामुळे फूल बरोबर मध्यावर बसलं नाही तरी फटका निभावतो. शिकणाऱ्याने ४यू, समतोल वजनाची, लवचिक दांडीची घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. डोक्याकडे जड, ताठ दांडीची रॅकेट मनगट तयार झाल्यावर. ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, आकड्यातही गल्लत होते: जी४ पेक्षा जी५ बारीक. जाड मुठीत बोटं अडकतात आणि बॅकहँड उशिरा येतो.

रॅकेटइतकंच इथं शटलकडे बघायला हवं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. हवा विरळ, म्हणून गोव्यात बरोबर पडणारं शटल इथं कोर्टाबाहेर जाऊ शकतं. पिसांच्या शटलच्या डब्यावरचे ७६, ७७, ७८ हे आकडे ग्रेन या वजनाच्या जुन्या, बारीक मापातलं वजन दाखवतात. आकडा लहान, तर शटल मंद. इथं किनाऱ्यापेक्षा एखादा आकडा खालचा मागावा. डिसेंबरच्या गार रात्री हवा जड होते, तेव्हा नेहमीचं शटलही आखूड पडतं. नियमातली चाचणी सोपी आहे: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने मारायचं, समोरच्या मागच्या रेषेच्या आत ५३ ते ९९ सेंटिमीटरवर पडलं तर वेग बरोबर. प्लास्टिकच्या शटलला बुडाची पट्टी बघावी. हिरवी मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. थंडीत पिसं कोरडी पडून तुटतात, म्हणून जुने खेळाडू आदल्या रात्री डब्याला क्षणभर वाफ देतात.

राहिलं गटिंग, म्हणजे रॅकेटला तार ओढणं. 'तार जितकी ताठ तितकी चांगली' हाही टीव्हीवरच्या खेळाडूंकडून आलेला सल्ला. ते २८-३० पौंडांच्या ताणावर खेळतात, कारण त्यांचा फटका दरवेळी मध्यावर बसतो. तार ताठ झाली की तो मधला चांगला भाग आकसतो. नव्या खेळाडूने २० ते २२ पौंड सांगावं, तार ०.७० मिलिमीटरची, टिकाऊ. आणि दुकानदाराने विचारायच्या आधीच सांगावं, नाहीतर तो आपल्या सवयीने ओढेल.