शोजी, डेव्ह

शोजी, डेव्ह : (४ डिसेंबर १९४६ – ). अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलचे प्रशिक्षक. जन्म कॅलिफोर्निया राज्यातील अपलंड येथे, जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबात. होनोलुलूतील मानोआ येथे असलेल्या हवाई विद्यापीठाच्या महिला संघाचे ते १९७५ ते २०१६ असे सलग ४२ हंगाम मुख्य प्रशिक्षक होते. या काळात संघाने १,२०२ सामने जिंकले, २०४ गमावले आणि एक बरोबरीत सुटला. त्यांच्या नावावर राष्ट्रीय अजिंक्यपदे किती, तीन की चार, याबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही.

शोजी यांचे शिक्षण सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले. तेथे ते पुरुष संघातून खेळत आणि राष्ट्रीय पातळीवरील निवडक खेळाडूंत त्यांची गणना दोनदा झाली. पुढे लष्करी सेवा करून ते हवाईला आले. विद्यापीठाने १९७५ मध्ये महिला संघ त्यांच्याकडे सोपवला, तोही अर्धवेळ मानधनावर. त्या वेळी ते अवघ्या २८ वर्षांचे होते. काही काळ विद्यापीठाच्या पुरुष संघाचीही जबाबदारी त्यांच्याकडे होती. मात्र त्यांची कीर्ती महिला संघामुळेच आहे.

अर्धवेळ नेमणुकीमागे त्या काळाची परिस्थिती होती. शिक्षणसंस्थांतील लिंगाधारित भेदभावाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा अमेरिकेत जून १९७२ मध्ये झाला. त्यासाठी झटणाऱ्यांत हवाईच्या लोकप्रतिनिधी पॅट्सी मिंक अग्रभागी होत्या. त्यांच्या निधनानंतर २००२ मध्ये कायद्याला त्यांचे नाव देण्यात आले. हवाई विद्यापीठात महिला क्रीडा विभागाची घडी डॉनिस थॉम्पसन यांनी बसवली आणि शोजी यांची निवडही त्यांचीच. आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या अनुभवावरून या व्यवस्थेची कल्पना येत नाही. आपल्याकडे विद्यापीठाचा संघ स्पर्धेपुरता निवडला जातो. तेथे खेळाडूला शिष्यवृत्ती, संघाला वर्षभराचा सराव, तीनेक महिन्यांचा हंगाम आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बाद फेरी असा क्रम असतो. पूर्ण पगारी प्रशिक्षक हा त्या व्यवस्थेचा कणा. १९७५ मध्ये मात्र महिलांच्या खेळात यातले बरेच काही अजून आकाराला यायचे होते.

संघाचे नाव ‘रेनबो वहिने’. यातील ‘रेनबो’ची व्युत्पत्ती हवाईच्या अमेरिकन फुटबॉल संघाकडे जाते. ओरेगन राज्यातील संघावर १९२३ च्या हंगामात मिळालेल्या अनपेक्षित विजयाच्या वेळी मैदानावर इंद्रधनुष्य दिसले आणि वार्ताहरांनी संघाला ते नाव दिले, असे सांगतात. (सामना प्रत्यक्षात १९२४ च्या नववर्षदिनी झाला, अशीही नोंद आढळते, हंगाम आणि तारीख यांच्या गल्लतीतून हा फरक पडला असावा.) ‘वहिने’ म्हणजे हवाईयन भाषेत स्त्री. त्या भाषेत पहिला स्वर दीर्घ केला की अनेकवचन होते : एक ‘वहिने’, अनेक ‘वाहिने’. रोमन लिपीत हा भेद बहुधा पुसला जातो, देवनागरीत तो सहज दाखवता येतो. संघाच्या नावात रूढ झाले ते एकवचनच. मराठी ‘वहिनी’शी या शब्दाचा संबंध नाही, साम्य फक्त कानाला जाणवणारे. महिला संघांसाठी हे जोडनाव १९७० च्या दशकात रुळले असावे. पुरुष संघांपैकी काहींनी २००० मध्ये ‘रेनबो’ टाकून दिले आणि २०१३ मध्ये पुन्हा स्वीकारले; महिलांनी ते कधीच सोडले नाही.

अजिंक्यपदांचा वाद हा खरे तर दोन संघटनांच्या दप्तरांचा वाद आहे. महिलांच्या महाविद्यालयीन स्पर्धा १९७० च्या दशकात ‘असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक्स फॉर विमेन’ (एआयएडब्ल्यू) ही स्त्रियांनीच चालवलेली संघटना भरवत असे. पुरुषांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ने (एनसीएए) १९८१ मध्ये महिला व्हॉलीबॉलची स्वतःची स्पर्धा सुरू केली. त्या एका वर्षी देशात दोन विजेते झाले : एनसीएएच्या स्पर्धेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, एआयएडब्ल्यूच्या स्पर्धेत टेक्सस. पुढच्याच वर्षी जुन्या संघटनेचे कामकाज थांबले. हवाईने १९७९ मध्ये जिंकलेले अजिंक्यपद एआयएडब्ल्यूचे आहे, तर १९८२, १९८३ आणि १९८७ ची तीन एनसीएएची. विद्यापीठ चार मोजते. एनसीएएची विजेत्यांची यादी १९८१ पासूनच सुरू होत असल्याने तिच्यात तीनच सापडतात. गंमत अशी की, प्रशिक्षकांच्या एकूण विजयांची बेरीज करताना १९८१ पूर्वीचे सामने बिनबोभाट धरले जातात. सामने मोजायचे आणि त्याच सामन्यांतून मिळालेले अजिंक्यपद मात्र वगळायचे, हे तर्काला धरून वाटत नाही. १९७९ मध्ये महिलांसाठी त्याहून वरची महाविद्यालयीन स्पर्धाच नव्हती, हे लक्षात घेता चार हा आकडा अधिक ग्राह्य वाटतो.

नोंदीतील एका बरोबरीबद्दलही खुलासा हवा, कारण व्हॉलीबॉलचा सामना अनिर्णित राहत नाही अशीच आपली समजूत असते. जुन्या काळी दोन-तीन दिवसांत उरकायच्या स्पर्धांत गटसामने दोनच सेटचे खेळवण्याची पद्धत होती. दोन्ही संघांनी एकेक सेट घेतला की निकाल बरोबरी. शोजी यांच्या नावावरची बरोबरी अशाच एखाद्या सामन्यातून आली असावी.

चार अजिंक्यपदांपैकी १९८२ चे फार अटीतटीचे होते. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे झालेल्या अंतिम सामन्यात गतविजेत्या सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध हवाईने पहिले दोन सेट गमावले आणि उरलेले तिन्ही जिंकले. आजच्या वाचकाला या पुनरागमनाचे मोल एकदम उमगणार नाही. सेट १५ गुणांचा असे आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला मिळे. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर तुम्ही रॅली जिंकली, तर फलक जागचा हलत नसे. हाती येई ती केवळ सर्व्हिस. त्यामुळे मागे पडलेल्या संघाला आधी चेंडू मिळवायचा आणि मग गुण, असे दुहेरी काम पडे. एकेक सेट लांबत जाई आणि दमसास हाच मोठा घटक ठरे. प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत अमेरिकन महाविद्यालयीन महिला खेळात २००१ मध्ये ३० गुणांच्या सेटसह आली, बचावातली खास खेळाडू ‘लिबेरो’ २००२ मध्ये, आणि सेट २५ गुणांवर आला तो २००८ मध्ये. म्हणजे शोजी यांच्या कारकिर्दीत खेळाचे गणितच दोनदा बदलले. त्यांच्या विजयांचे प्रमाण अखेरपर्यंत सुमारे ८५ टक्के राहिले, याकडे चरित्रपर लेखनात पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

१९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला (यूसीएलए) सरळ तीन सेटमध्ये हरवून हवाईने अजिंक्यपद राखले. एनसीएएच्या स्पर्धेत सलग दोन वर्षे जिंकणारा हा पहिलाच संघ. हवाईच्या १९८२ आणि १९८३ च्या या दोन्ही विजेत्या संघांचा आधारस्तंभ होत्या डीट्रा कॉलिन्स. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये त्या अमेरिकेकडून खेळल्या. १९८७ च्या अंतिम सामन्यात स्टॅनफर्डचा पराभव झाला. पुढच्या वर्षी हवाई पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली, पण टेक्ससने सामना जिंकला. तोवर एनसीएएचे अजिंक्यपद कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्याबाहेर गेलेच नव्हते.

त्यानंतर अजिंक्यपद मिळाले नाही. १९९६ मध्ये अंतिम सामन्यात स्टॅनफर्डकडून हार झाली. २०००, २००२, २००३ आणि २००९ मध्ये वाटचाल उपांत्य फेरीत थांबली. यशापयशाच्या या दुसऱ्या भागाबद्दल लिहिताना बहुतेक लेखक भौगोलिक कारण पुढे करतात. होनोलुलू ते कॅलिफोर्निया हे अंतर सुमारे ४,००० किमी. आहे. सर्वांत जवळच्या बाहेरगावच्या सामन्यासाठीही विमानाने पाच तास महासागर ओलांडावा लागतो आणि घड्याळ दोन-तीन तासांनी पुढे करावे लागते. कारण खरे आहे, पण अंतर १९८२ मध्येही तेवढेच होते. अन्य विद्यापीठांनी महिला व्हॉलीबॉलवर नंतर ओतलेला पैसा हे कारण अधिक वजनदार मानावे लागेल.

प्रेक्षकांच्या बाबतीत मात्र हवाईला दीर्घकाळ तोड नव्हती. सुरुवातीचे सामने क्लम जिम या छोट्या, उकाड्याच्या सभागृहात होत. १९९४ मध्ये विद्यापीठाचे नवे क्रीडागृह उभे राहिले (पुढे ‘स्टॅन शेरीफ सेंटर’). त्याची क्षमता सुमारे १०,३०० आहे. बेटांवर एकही व्यावसायिक संघ नसल्याने तिकीट काढून येणारा वर्ग या मुलींकडे वळला. स्थानिक वाहिनीवर सामने थेट दाखवले जात. महिलांचा संघ स्वतःचा खर्च भागवून विद्यापीठाला उत्पन्न देतो, अशी उदाहरणे अमेरिकेतही मोजकीच आहेत. हवाईचे त्यांत आरंभीचे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये शोजी यांनी यूसीएलएचे अँडी बानाचोव्स्की यांचा १,१०६ विजयांचा विक्रम मागे टाकला. बानाचोव्स्की यांची नोंद १,१०६ विजय व ३०१ पराभव अशी आहे. तिची बेरीज आणि शोजी यांच्या निवृत्तीच्या वेळच्या नोंदीची बेरीज एकच येते : १,४०७ सामने. हा निव्वळ योगायोग. पण दोन कारकिर्दींची तुलना त्यामुळे विलक्षण सोपी होते. शोजी यांचा विक्रम फार टिकला नाही. पेन स्टेट विद्यापीठाचे रस रोझ लवकरच पुढे गेले आणि २०२१ अखेर १,३३० विजयांवर थांबले.

शोजी यांच्या प्रशिक्षणपद्धतीची तपशीलवार चिकित्सा फारशी झालेली नाही. चेंडूवरील ताबा, बचाव आणि वेगवान आक्रमण यांवर त्यांचा भर होता, एवढे सर्वमान्य आहे. उंच खेळाडू मुख्य भूमीवरची विद्यापीठे पळवत. बेटांवरच्या मुलींतून त्यांनी प्रामुख्याने चपळ बचावपटू आणि सेटर (आपल्या मैदानांवरचा ‘लिफ्टर’) घडवल्या. रॉबिन आह मो ही त्यांतली सर्वांत यशस्वी सेटर. ती तीन ऑलिंपिक खेळली आणि २००८ च्या रौप्यपदक विजेत्या संघात होती; त्याच संघात हवाईचीच किम विलोबी होती.

प्रकृतीच्या कारणास्तव शोजी फेब्रुवारी २०१७ मध्ये निवृत्त झाले आणि संघाची सूत्रे आह मो यांच्याकडे गेली. त्याआधीच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या पुरुष संघात शोजी यांचे दोन्ही मुलगे होते : कविका सेटर म्हणून, एरिक लिबेरो म्हणून.